विरळणीची फळी

दादाचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा बारकीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार काही वाईट वाटलं नाही. असं बोलू नये, सख्खा भाऊ आहे. पण बावीस वर्षं ती त्या दुकानात सुरी चालवत होती आणि बावीस वर्षांत मांडणीच्या टेबलाला तिचा हात लागला होता तो फक्त पुसण्यापुरता.

दुकान होतं खारवलेल्या आणि धुरावलेल्या मांसाचं. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, दादाने टिकवलं. पुढे काउंटर, मागे थंड खोली, तिच्या मागे धुराची खोली आणि या सगळ्याच्या मधोमध ते संगमरवरी टेबल. तिथे उभा राहून दादा फळी मांडायचा. हॉटेलवाले तिला शार्क्युटरी बोर्ड वगैरे म्हणतात. दुकानात सगळे नुसतं फळी म्हणत. हातभर रुंद, दोन हात लांब लाकूड, त्यावर हॅमच्या पातळ चकत्या, सॉसेजचे काप, तीन-चार तऱ्हेचं चीज, जैतुणं, लोणच्यातल्या काकड्या. गावात कुठेही चार माणसं जमायची असली की दादाची फळी हवीच. काप बारकीचे, मांडणी दादाची आणि कौतुकही अर्थातच दादाचं.

बारकी शेहेचाळीस वर्षांची होती. चष्मा लागला होता, लेक शिकायला परगावी गेली होती, तरी दुकानात ती बारकीच. त्याचं तिला काही नव्हतं. तिला ते टेबल हवं होतं. घरी जेवताना ताटातली कोशिंबीरसुद्धा ती इकडची तिकडे सरकवत बसायची आणि नवरा म्हणायचा, "जेव आता, ते काय प्रदर्शनाला पाठवायचंय?"

दादा धुराच्या खोलीत शिडीवरून घसरला, मनगट मोडलं आणि नेमकी त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या बाईंकडून फळीची मागणी आली. बाई निवृत्त होत होत्या. शनिवारी दुपारी चार वाजता वाचनकक्षात चाळीस माणसांचा निरोप समारंभ. आणि बाईंनी अट घातली होती. नुसतं मांस आणि चीज नको. वसंत आलाय, तर फळीवर कोवळ्या ताज्या भाज्या दिसल्या पाहिजेत, निम्म्याला निम्म्या.

दादाने प्लास्टरवरचा धागा कुरतडत बराच वेळ विचार केला.

"बारके, ही तू मांड," तो शेवटी म्हणाला. "नीट पार पडली तर टेबल तुझं. नाही पडली तर सोमवारपासून मेव्हण्याला बोलावतो."

मेव्हणा म्हणजे वहिनीचा भाऊ. शहरात मोठ्या हॉटेलात थंड पदार्थांच्या विभागात होता आणि तिथल्या साहेबाशी त्याचं पटत नव्हतं. तो कधीचा यायला टपलाच होता. एकदा तो त्या टेबलाशी उभा राहिला की बारकीचं आयुष्य चकत्या पाडण्यात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शुक्रवारी संध्याकाळी मळेवाली स्वतः भाज्या देऊन गेली. गोल लाल मुळे, बोटाएवढ्या काकड्या, गाजरं, ॲस्परॅगसचे कोंब, कोवळ्या मटारच्या शेंगा, पातीचा कांदा. बारकीने सगळं निवडलं, धुतलं, काकड्यांच्या आणि मुळ्यांच्या चकत्या पाडल्या, गाजरं उभी चिरली, स्टीलच्या परातींत लावून थंड खोलीत ठेवलं आणि ती शीळ घालत घरी गेली.

शनिवारी सकाळी नऊला तिने थंड खोलीचं दार उघडलं आणि तिथेच खाली बसली.

पराती पाण्याने भरल्या होत्या. मुळ्यांच्या चकत्या त्यात माना टाकून पडल्या होत्या, काकडी मऊ झाली होती, शेंगा सुरकुतल्या होत्या, ॲस्परॅगसचा कोंब उचलला तर तो बोटावरून दोन्हीकडे लोंबला. तिने पाण्यात बोट बुडवून चाखलं. खारट. नुसतं खारट नाही, कडू लागेल इतकं खारट.

मागून दादा आला, अंघोळ करून, भांग पाडून, एकदम खूश.

"बघितलंस? काल तू गेल्यावर मीच लावलं. डाव्या हाताने, एकेका परातीला. म्हटलं, बारकी विसरली वाटतं."

आता इथे दादाची बाजूही सांगितली पाहिजे. त्या घरात तीन पिढ्यांचा एकच नियम होता. मागच्या दाराने जे आत येईल त्याला दिवस मावळायच्या आत मीठ लागलं पाहिजे. मीठ लावलं म्हणजे माल वाचला. लहानपणी ही भावंडं बाकी काही शिकायच्या आधी हे शिकली होती. भाज्या मागच्या दाराने आल्या. दादाने मीठ लावलं. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, आणि मोडका हात गळ्यात अडकवून तासभर तो हे करत बसला तो बहिणीच्या मायेपोटीच.

हे सगळं बारकीला कळत होतं, म्हणून तर तिला ओरडताही येईना.

"दादा," ती म्हणाली, "हे हॅम नाही रे. या भाज्या आहेत."

दादाने परातीत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

तेवढ्यात वहिनी आली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं. "अहो, काकडीला आदल्या दिवशी मीठ लावून ठेवतं का कुणी? तीस वर्षं माझ्या हातचं जेवताय, एकदा तरी स्वयंपाकघरात डोकावून बघायचं होतं."

"सगळ्याला लावतात," दादा पुटपुटला. मग तो एकदम कामाला लागल्यासारखा खिशात फोन शोधू लागला. "मी मेव्हण्याला सांगतो. आत्ता निघाला तर बारापर्यंत पोहोचेल. येताना शहरातून भाज्या घेऊन येईल. चूक माझी आहे, मीच निस्तरतो."

मेव्हणा आज आला म्हणजे सोमवारी येणारच, आणि चूक कोणाची हे सोमवारी कोण विचारणार? तिने दादाच्या हातातला फोन काढून घेतला, काउंटरच्या खणात टाकला आणि खण लावला. असं तिने आयुष्यात केलं नव्हतं.

"अकरापर्यंत थांब. तोवर कोणाला फोन करायचा नाही."

दादा वहिनीकडे बघायला लागला. वहिनी म्हणाली, "थांबा म्हणतेय तर थांबा. माझा भाऊ काही पळून चालला नाही." आणि पदर खोचून तिने पहिली परात पुढे ओढली. "तू जा. हे पिळून त्याचं काय करता येतंय ते मी बघते."

बारकी सायकलवरून गावाबाहेर मळ्यात पोहोचली तेव्हा घामाने भिजली होती. मळेवाली वाफ्यात उकिडवी बसून काहीतरी उपटत होती. ती एक सुकडी, कमी बोलणारी बाई होती.

"भाज्या हव्यात. चाळीस माणसांना."

"शनिवार आहे. सगळा माल पहाटेच बाजारात गेला."

"काहीच नाही?"

"काल दिलेलं काय केलंत?"

बारकीने सांगितलं. मळेवालीचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय हे बारकीला जरा वेळाने कळलं. मग बारकीलाही हसू फुटलं. दोघी वाफ्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसता हसता बारकीचं लक्ष मळेवालीच्या टोपलीकडे गेलं. "हे काय उपटताय?"

"विरळणी. दाट उगवलं की मधली रोपं काढावी लागतात, म्हणजे बाकीच्यांना जागा होते. कोंबड्यांना घालते."

टोपलीत करंगळीपेक्षा बारीक गाजरं होती, गोटीएवढे मुळे, दोऱ्यासारख्या मुळ्या असलेले कांदे, सगळं हिरव्यागार पाल्यासकट आणि मातीसकट. बारकीने एक गाजर ओढणीला पुसलं आणि तोंडात टाकलं. ते कडाकडा मोडलं आणि इतकं गोड निघालं की ती चावायची थांबली.

"आज कोंबड्यांना दुसरं काहीतरी घाला," ती म्हणाली.

दोघींनी मिळून तीन वाफे विरळले. मळेवालीने वेलांवरून मटारचे कोवळे शेंडे खुडून दिले आणि निघताना बजावलं, "पाला तोडू नका. मुळं पाण्यात उभी करून ठेवा, आणि मीठ..."

"नाव काढू नका," बारकी म्हणाली.

परत आली तर दुकानात वेगळाच वास दरवळत होता. वहिनीने खारट भाज्या तीनदा धुतल्या होत्या, फडक्यात घट्ट पिळल्या होत्या आणि बारीक चिरून ताज्या मऊ चीजमध्ये मिरपुडीसकट घोटल्या होत्या. दादा तिच्या शेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने चमचा चाटत होता. त्याने चमचा घाईघाईने खाली ठेवला.

"वाईट नाही लागत," तो म्हणाला.

बारकी टेबलाशी उभी राहिली. तिने चीजचे तीन वाडगे आधी फळीवर ठेवले, एकही मधोमध नाही, तिन्ही वाकड्यातिकड्या जागी. हॅमच्या चकत्या सैल घड्या घालून ठेवल्या. सॉसेजचे काप एका कडेने. मग तिने ती इवलीइवली गाजरं आणि मुळे पाल्यासकट घेतले आणि जिथे तिला हात थांबवावासा वाटला तिथे ठेवले. मटारचे शेंडे वाडग्यांच्या कडेला लावले. इतकी वर्षं मनात मांडलेल्या फळ्या तिने मनातच राहू दिल्या, कारण समोरची ही निराळीच होत होती. तिला मजा येत होती, आणि भीतीही वाटत होती.

अडचण एकच होती. भाज्या लहान, त्यामुळे मधे मधे लाकूड दिसत होतं. दादाच्या फळीवर लाकूड कधी दिसत नसे. फळी गच्च भरलेली असली पाहिजे, नाहीतर दुकान कंजूष वाटतं, असं त्याचं म्हणणं. तो स्टुलावरून उठला, डाव्या हातात सॉसेजच्या कापांची मूठ घेतली आणि ती एका मोकळ्या जागेवर नेली.

"दादा, हात," बारकी म्हणाली.

तो हात तसाच हवेत राहिला.

"मोकळंच राहू दे. रोपांना जागा लागते."

दादाने मूठभर सॉसेज परत ताटलीत ठेवलं आणि त्यातला एक काप तोंडात टाकला, म्हणजे हात उगाच गेला नव्हता असं दिसावं.

चार वाजता वाचनकक्षात फळी मधल्या लांब टेबलावर ठेवली. ग्रंथालयाच्या बाई आल्या, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघायला लागल्या. दादा दाराशी आणि बारकी खिडकीशी उभी होती. चाळीस माणसं टेबलाभोवती जमली आणि कोणीच हात लावेना. बारकीला वाटलं, संपलं. कोंबड्यांचं खाणं मांडून ठेवलंय असंच दिसत असणार.

मग बाईंनी एक गाजर पाल्याला धरून उचललं, चीजमध्ये बुडवलं आणि कचकन चावलं. त्या शांत खोलीत तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई चावत राहिल्या, आणखी एक उचललं, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, "तुम्ही सगळे असेच उभे राहा, मला काही घाई नाही."

लोक हसले आणि टेबलावर तुटून पडले. पाला धरायचा, बुडवायचा, खायचं. कोणी मुळा हॅममध्ये गुंडाळत होतं, कोणी वाडग्याचा तळ पुसत होतं. पाऊण तासात फळीवर नुसता पाला उरला, तोही एक आजोबा चघळत होते.

गावातले दंतवैद्य हात पुसत थेट दादाकडे गेले. तसं सगळे बावीस वर्षं जात आलेच होते.

"वा, यावेळी कमाल केलीत. मंगळवारी बायकोचा पन्नासावा वाढदिवस आहे. अगदी अशीच हवी, पन्नास माणसांना."

दादाचं तोंड 'हो' म्हणायला उघडलं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची त्या दुकानात रीतच नव्हती. पण ते तसंच मिटून त्याने प्लास्टरचा हात खिडकीकडे केला.

"त्यांना विचारा. फळी त्यांची आहे."

दंतवैद्य वळले. भाऊ तिला आयुष्यात पहिल्यांदा 'त्यांना' म्हणाला होता. तिने वाफे डोळ्यांसमोर आणले. आज तीन विरळून झाले होते, उरलेली रोपं अजून मोठी व्हायची होती, पुढचे वाफे विरळायला आठवडा होता.

"मंगळवारी नाही जमणार," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याच्या शेवटी करा. मग देते."

खोलीच्या त्या टोकाला दादाने डोळे मिटून घेतले. वाढदिवस काय पुढे ढकलतात का, असं त्याच्या ओठांवर आलेलं तिला दुरूनही दिसलं. दंतवैद्य जरा चुळबुळले, बायकोला फोन करायला बाहेर गेले आणि आत येऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी चालेल. माझं नाव लिहून ठेवा."

फळी धुऊन, पुसून दोघं भावंडं दुकान बंद करत होती तेव्हा दादाने कुलूप डाव्या हाताने लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि किल्ली तिच्यापुढे धरली. तिने कुलूप लावलं. किल्ली परत द्यायला लागली तर त्याने घेतली नाही.

"मेव्हण्याला कळवलं मी, येऊ नको म्हणून," तो म्हणाला. मग थोडा वेळ पायरीवर घुटमळला. "बारके, सोमवारी मी किती वाजता येऊ?"

बारकीने किल्ली मुठीत धरली.

"आठला ये," ती म्हणाली. "सातला मी उघडते."