जावयाने दिलेला पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह सासूबाईंनी मध्येच ओढून काढला असणार, हे निदान जावयाने तो हातात घेण्याआधीच करून टाकलं. सासरी त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. कुणाचाही कॉम्प्युटर आजारी पडला की यालाच बोलावणं जायचं, आणि हा गडीही त्या नावाने चांगलाच फुगला होता.

"आई, किती वेळा सांगितलं? आधी इजेक्ट करायचं, मग काढायचं."

"तसंच केलं हो. पण हल्ली माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही," सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

त्या निवृत्त शिक्षिका. अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या, जावयाने वाढदिवसाला दिलेल्या या ड्राइव्हवर धडे साठवायच्या आणि रेकॉर्डर पुसून पुढचं वाचायला घ्यायच्या. मागे असेच धडे बिघडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या धांदरटपणावर सगळ्यांसमोर तोंडसुख घेतलं होतं. बिचाऱ्यांनी घसा बसेपर्यंत ते पुन्हा वाचले. आता तेही मुके झाले होते.

त्याने तपासणी सुरू केली. फायलींची नावं जागच्या जागी, आकारही बरोबर. पण सुरुवातीचे धडे तेवढे वाजत, पुढच्यांत नुसती शांतता. दुसरा पोर्ट झाला, दुसरा लॅपटॉप झाला, उपयोग शून्य.

"वस्तूच खोटी नसेल ना?" बायको म्हणाली.

"मी आणलीय ती," तो फणकारला.

पण मनात शंकेची पाल चुकचुकली. चांगले धडे लॅपटॉपवर उतरवून घेऊन त्याने ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघणारा प्रोग्राम लावला. दुपार त्यातच गेली. पडद्यावर थोडा भाग हिरवा दिसला, आणि त्यापुढे सगळं लाल. वर मोठी क्षमता छापलेला ड्राइव्ह आतून एवढासाच होता. पोट भरलं की नव्या फायलींची फक्त नावं लिहून घ्यायचा आणि आतला आवाज गिळून टाकायचा. ऑनलाइन मातीमोलाने मिळाला, तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता. वर 'भारीतला आणलाय' अशी फुशारकी मारून दिलेला.

लाजेने त्याचे कान तापले. प्रोग्राम बंद करावा, 'जुना झालाय, नवीन आणतो' म्हणावं आणि विषय मिटवावा, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेशी फोनवर बोलत होत्या.

"दुसरं कुणीतरी बघा, बाई. माझ्याच्यानं आता होत नाही. उगाच मुलांचं नुकसान."

तो धावतच आत गेला.

"आई, फोन ठेवू नका. तुमचं काही चुकलेलं नाही. मी दिलेला ड्राइव्हच नकली आहे. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि बोल तुम्हाला लावत बसलो."

फोनवर हात दाबून त्या त्याच्याकडे वळल्या. "म्हणजे पुन्हा वाचले, तेही...?"

"तेही त्यानेच गिळले."

आता चार शब्द सुनावतील, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी फोन कानाला लावला. "बाई, मघाचं विसरा. मीच वाचणार." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "अहो, तो पेन ड्राइव्हच खोटा निघाला. कुणी म्हणजे काय, मीच आणला होता बाजारातून. आपल्याला कुठं कळतंय त्यातलं?"

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.