अर्धा तास पुढचं घड्याळ

माझ्या धाकट्या भावाला खोटं बोलता येत नाही. बाकी मुलगा चांगला आहे. घरात त्याला पंडित म्हणतात, आणि तो रागावतही नाही, कारण त्याला ते खरं वाटतं.

माझ्या बायकोच्या दुकानात भरतकामाचं जुनं मशीन आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि तिने मशीनला ओळखच दाखवली नाही, श्रीमंत झालेल्या नातेवाइकासारखी. दवाखान्याच्या कोटांवर नाव भरून ते पाच वाजता द्यायचे होते. नाही जमलं तर ते काम कायमचं समोरच्या दुकानात जाणार. समोरचा गृहस्थ सकाळपासून आमच्या दाराकडे बघून उगाच हसत होता.

"वहिनी, काळजी करू नका," पंडित म्हणाला. "सिस्टीमचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. मशीनशी बोलणारा भाग मी त्यात लिहितो आणि सिस्टीम नव्याने बांधतो."

"बांधा भाऊजी. फक्त तुमच्या घरासारखी बांधू नका. त्याचा जिना अजून व्हायचाय."

बांधणी जवळजवळ पूर्ण झाली आणि शेवटी सगळे भाग एकमेकांना जोडताना अडली. चूक पंडितच्याच भागात होती. त्याने ती सुधारून पुन्हा बांधायला लावलं. तीच चूक. पुन्हा सुधारलं. पुन्हा तीच.

"सुधारलं तरी जुनंच उगाळतंय," तो वैतागला.

"मग आपल्याच घरातलं आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको आत डोकावली. "हे काय, यात अजून पावणेबाराच? भिंतीवर सव्वाबारा झालेत."

इथे सांगायला हवं, की आमच्याकडची सगळी घड्याळं ती अर्धा तास पुढे ठेवते. कारण मी. दुकानातला कॉम्प्युटरही त्यातून सुटला नव्हता.

"पहिली बांधणी अडली तेव्हा मीच वेळ बरोबर केली," पंडित म्हणाला. "चुकीचं घड्याळ मला बघवत..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याने कपाळावर हात मारला.

"दादा, बांधणारा प्रोग्राम फक्त वेळ बघतो. कोड बांधलेल्या भागापेक्षा नवा असेल तरच तो भाग पुन्हा बांधतो. पहिले भाग वहिनींच्या वेळेने बांधले गेले आणि माझी दुरुस्ती खऱ्या वेळेने झाली. त्याच्या हिशेबात माझी दुरुस्तीच जुनी! तो तिला हातच लावत नाहीये."

"म्हणजे चूक घड्याळाची," मी म्हणालो.

"घड्याळ नीट चाललं होतं," बायको म्हणाली. "मध्येच सुधारायला कोणी सांगितलं होतं?"

पंडितने बांधलेलं सगळं पुसलं आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. आम्ही जेवून आलो, तो उपाशीच बसला. दुपार कलली तेव्हा सिस्टीम उभी राहिली आणि मशीनने खडखडत पहिलं अक्षर काढलं. समोरच्या गृहस्थाने हसणं आवरून दुकान झाडायला घेतलं.

दवाखान्याचा माणूस आला तेव्हा थोडे कोट बाकी होते. त्याने भिंतीकडे पाहिलं. साडेपाच. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने कानाशी धरलं.

"माफ करा हं, उशीरच झाला मला."

"असू द्या, होतं असं कधीकधी," बायको मोठ्या मनाने म्हणाली. "बसा, शेवटचेच राहिलेत."

पंडितने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या हातात कात्री आणि एक कोट दिला.

"भाऊजी, दोरे कापा."

पंडितने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा समोरच्या दुकानाकडे. मग खाली मान घालून तो दोरे कापत बसला.