हेस्टर बोटीचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. पण आधीच सांगून टाकते, समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही नाही. मी इंग्लंडच्या कालव्यांतली बोट. सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. कोणी मला लांबोडकी म्हणतं. म्हणोत बापडे. अरुंद कालव्यातून आणि त्याहून अरुंद पुलांखालून जायचं तर जाडजूड होऊन कसं चालेल?

माझं वय आता नव्वदीला टेकलं आहे. कारागिरांनी लोखंडाचे पत्रे तापवून, ठोकून, जोडून मला घडवलं. शेवटी एका रंगाऱ्याने माझ्या अंगावर गुलाबाची फुलं काढली आणि पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत माझं नाव लिहिलं: हेस्टर. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! पंचवीस टन कोळसा पोटात घेऊन मी निघाले की बदकंसुद्धा बाजूला होत.

पण रेल्वे आमची सवत होती. तिने निम्मा माल पळवला आणि उरलेला मालमोटारींनी नेला. एके दिवशी मला एका आडबाजूच्या पाण्यात बांधून सगळे निघून गेले, ते परत आलेच नाहीत. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचलं आणि छपरावर गवत उगवलं. ‘विकणे आहे’ अशी पाटी लागली आणि तीही कुजून पडली. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं.

मग ग्लिन आला. हा उंच, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस. भंगाराच्या भावात त्याने मला घेतलं, पाणी उपसलं, गंज खरवडला आणि आत चूल, टेबल, दोन बिछाने असा संसार मांडला. कालव्यावरच्या इतर बोटींना कोळसा आणि डिझेल विकून तो पोट भरू लागला. त्याची मुलगी टॅम्झिन नऊ दिवसांची असताना माझ्यावर आली. तिची आई ती लहान असतानाच वारली. तेव्हापासून ग्लिन, टॅम्झिन आणि मी, असं आमचं तिघांचं घर आहे.

आमच्यासारख्या बोटींना एक कायदा आहे. बोट बांधून ठेवायला स्वतःची जागा नसेल, तर कुठेही चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. कालव्याचे अधिकारी येऊन पाहून जातात. म्हणून ग्लिन रोज वहीत लिहितो: आज कुठे, उद्या कुठे. अशा अठरा वर्षांच्या वह्या बिछान्याखाली आहेत.

ऑगस्टमध्ये टॅम्झिनचा निकाल लागला. तिला मँचेस्टरच्या विद्यापीठात पूल बांधायचं शिक्षण मिळणार होतं! पोरगी छपरावर उभी राहून अशी नाचली की माझ्या कुंड्या पाण्यात पडल्या. ग्लिनने चीज घालून ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, भाजले आणि पहिल्यांदाच तिला अर्धा ग्लास बिअर दिली.

पण विद्यापीठाने एक गोष्ट बजावली होती. सप्टेंबरच्या शेवटी सरकारी शिक्षणकर्जाचा पहिला हप्ता येणार, तो तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. त्यातून वसतिगृहाचं भाडं भरायचं. भाडं वेळेत आलं नाही, तर खोली यादीतल्या पुढच्या मुलाला. टॅम्झिनचं खातं तर कुठेच नव्हतं. ग्लिनचा बँकांवर राग आणि त्याची सगळी पुंजी चहाच्या डब्यात.

मग काय, टेबलावर बँकांच्या जाहिराती पसरल्या. टॅम्झिन मोठ्याने वाचू लागली, “ही बँक चार वर्षांचं रेल्वे सवलतीचं कार्ड फुकट देते, बाबा! ही दुसरी ऐंशी पौंड रोख. ही तिसरी काहीच देत नाही.”

रेल्वेचं कार्ड! माझ्याच टेबलावर, माझ्याच छपराखाली! मी एका अंगाला कलले, पण वाऱ्याने कललेय असं समजून कोणी लक्ष दिलं नाही.

टॅम्झिन त्या कार्डालाच भुलली. तिने फोनवरच अर्ज भरला. आणि इथे तिने अशी चूक केली, की पक्क्या घरातल्या मुलांना ती सुचणारही नाही. पत्त्याच्या रकान्यात तिने त्या दिवशी मी जिथे उभी होते तिथला पत्ता लिहिला, म्हणजे ऑडलेम गावातल्या काठावरच्या एका दारूच्या दुकानाचा. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पत्ता म्हणजे आज जिथे आहोत ती जागा, एवढंच तिला आयुष्यभर ठाऊक.

चार दिवसांनी आम्ही तिथून हललो. बँकेची पत्रं तिथे गेली, तिथल्या मालकाने ‘इथे असं कोणी राहत नाही’ म्हणून परत पाठवली आणि बँकेने अर्ज बंद केला. टॅम्झिनला फोनवर कारण कळवलं: पत्ता खरा नसल्याचा संशय.

तोवर आम्ही मार्केट ड्रेटनला पोचलो होतो. ग्लिनची बहीण मॉरीन तिथे भेटायला आली. आत्याबाईंचं शहरात दोन मजली घर आहे आणि ते त्या कोणाला विसरू देत नाहीत.

“मी पहिल्यापासून सांगतेय,” त्या पाय पुसत म्हणाल्या, “पोरीला घर नाही म्हणून हे सगळं. माझा पत्ता घाल आणि मोकळी हो.”

“पण मी तिथे राहत नाही, आत्या.”

“मग? राहतेस असं म्हणायचं. आणि हे बोटीबिटीचं विद्यापीठात कोणाला सांगत बसू नकोस. भटकी समजतील.”

ग्लिनची मान खाली गेली. “घाल गं,” तो हळूच म्हणाला, “काय फरक पडतो?”

“फरक पडतो!” टॅम्झिन ताडकन उठली. “एकदा माझा पत्ता खोटा ठरलाय, बाबा. आता मुद्दाम खोटा लिहू?”

शाब्बास पोरी! मला ओरडावंसं वाटलं. पण मला कुठलं तोंड?

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या बँकेत स्वतः गेली. ही ती काहीच न देणारी बँक. तिथल्या प्रॉसरबाईंनी, म्हणजे गेली तीस वर्षं त्याच खिडकीत बसणाऱ्या बाईंनी, तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “राहतेस कुठे?”

“बोटीवर.”

“बरं. जेवणाच्या सुट्टीत येऊन बघते, पण या आठवड्यात नाही जमणार.”

त्या येईपर्यंत आमचा तिथला चौदावा दिवस उजाडला. दुपारी निघणं भाग होतं. निघालो की टॅम्झिनला पुन्हा नव्या गावात, नव्या बँकेत पहिल्यापासून सुरुवात. विद्यापीठ सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. ग्लिन दोरीची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी प्रॉसरबाई सँडविचचा डबा काखेत मारून काठावरून आल्या. आत शिरताना माझ्या दाराला डोकं आपटून घेतलं. मी मनातल्या मनात माफी मागितली.

“अगं बाई! रोज आपटतं का असं?”

“फक्त पाहुण्यांचं,” ग्लिन म्हणाला. तो विनोद करतो हे मलाही नवीन होतं.

चहा झाला. बाईंनी आधी टॅम्झिनचा पासपोर्ट आणि विद्यापीठाचं पत्र पाहिलं. मग विचारलं, “इथेच राहता याचा काही कागद?”

टॅम्झिनने बिछान्याखालून अठरा वह्या काढून टेबलावर रचल्या, वर माझा परवाना ठेवला. बाई पानं उलटत राहिल्या. सँडविच तसंच राहिलं. एका पानावर थांबून त्यांनी वाचलं, “आज टॅम्झिन पाच वर्षांची झाली. नँटविचच्या पुलाखाली केक. वारा फार.” त्यांनी चष्मा पुसला.

“घरवाले लोक मला विजेचं एक बिल दाखवतात,” त्या म्हणाल्या, “आणि तू अठरा वर्षं घेऊन बसलीयेस.”

मग त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला आणि टेबलावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“घर क्रमांक?” पलीकडचा साहेब म्हणाला.

“घर क्रमांक नाही. बोट क्रमांक आहे.”

“रस्ता?”

“श्रॉपशायर युनियन कालवा.”

“तो रस्ता नाही हो, बाई.”

“मी आत्ता त्याच्यावरच बसलेय, साहेब. चहा हिंदकळतोय माझा.”

“पण आम्हाला कायमचा पत्ता लागतो.”

“ही मुलगी अठरा वर्षं एकाच पत्त्यावर आहे. तुम्ही तेवढ्यात किती घरं बदललीत?”

पलीकडे पुटपुटत मोजणी झाली. मग आवाज आला, “पाच.”

“मग कायमचं कोण झालं?” बाई म्हणाल्या. “हे बघा, ठरावीक ठिकाण नसलेल्या ग्राहकांसाठी आपलाच एक अर्ज आहे. माझ्या खणात कधीचा पडलाय, कोणी मागितलाच नाही. पत्रं नि कार्ड शाखेत ठेवायची, ती येऊन नेईल. ओळख मी स्वतः पटवलीय. डोक्याला टेंगूळ आलंय, तो पुरावा समजा.”

साहेब हसला. “ठीक आहे. करा.”

पण मित्रांनो, माझी टॅम्झिन लगेच सही करणाऱ्यातली राहिली नव्हती. पेन हातात घेऊन ती म्हणाली, “थांबा, मलाही विचारायचंय. खात्यात पैसे नसताना बिनव्याजी किती उचलता येतात?”

“पहिल्या वर्षी हजार. मग दर वर्षी थोडे वाढतात.”

“हजार, की हजारापर्यंत? त्या रेल्वे कार्डवाल्यांनी ‘तीन हजारांपर्यंत’ लिहिलं होतं. मी नीट वाचलं, म्हणजे नंतर वाचलं. शंभर दिले तरी ते ‘पर्यंत’मध्ये बसतात.”

प्रॉसरबाई हसल्या. “अर्ज मंजूर झाला की पूर्ण हजार. लेखी देते.”

“आणि शिक्षण संपल्यावर? लगेच व्याज?”

“दोन वर्षं नाही. हळूहळू फेडायचे.”

“आणि भेट?”

“भेट काही नाही. हवं तर हे पेन घे.”

“चालेल!” टॅम्झिनने अर्ज भरून सही केली आणि पेन खरंच खिशात घातलं.

पाऊण वाजता प्रॉसरबाई काठावर उतरल्या. ग्लिनने शेवटची गाठ सोडली आणि आम्ही निघालो. मी सांगते, सगळा कोळसा उतरवून रिकाम्या पोटी जातानाही मी कधी इतकी हलकी चालले नव्हते.

दहा दिवसांनी बापलेक बसने परत जाऊन कार्ड घेऊन आले. सोबत बँकेचा एक कागद होता. मॉरीनआत्या त्या दिवशी पुन्हा आल्या होत्या. टॅम्झिनने तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला, “कुमारी टॅम्झिन ओकले. घर: बोट हेस्टर.” आणि नीट घडी घालून तिला परत दिला. जाताना त्यांनी माझ्या दाराला हात लावून पाहिला.

मँचेस्टरला मीच तिला नेलं. हप्ता ठरल्या दिवशी खात्यात आला आणि खोली तिचीच राहिली. वसतिगृहाच्या बाई काठावर सामान घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, “सुट्टीत कुठे जाशील गं? पत्ता सांगून ठेव.” टॅम्झिनने माझ्याकडे बोट केलं आणि आजूबाजूच्या वीसेक मुलामुलींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, “बोट हेस्टर!” मुलं धावत मला बघायला आली. त्यांतल्या सहा जणांनी डोकी आपटून घेतली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पहिलं खातं उघडाल. फुकट काय मिळतं ते जरूर बघा, पण त्याच्या खालची बारीक अक्षरं आधी वाचा, आणि ती कळली नाहीत तर माणसाला जाऊन विचारा. जिथे राहता तो पत्ता न लाजता लिहा. आणि माझ्यासारखी जुनी बोट पाण्यात उभी दिसली, तर तिच्यावर दगड मारू नका, कचरा टाकू नका. आम्हाला दर दोन वर्षांनी तळाला काळा रंग लागतो, तेवढा देणारं कोणीतरी असू द्या.

नव्वद वर्षांत माझ्याबद्दल कागदावर पुष्कळ लिहिलं गेलं. कोळशाचं वजन लिहिलं, दंड लिहिला, भंगाराचा भाव लिहिला. घर म्हणून मला पहिल्यांदा लिहिलं ते माझ्या टॅम्झिनने.