वरच्या थरातला दाणा

मी घेवड्याचा एक दाणा बोलतोय. आता दाणा म्हणायचं की रोप, हे माझं मलाच ठरवता येत नाही. साल फाटलीय, मूळ खाली गेलंय, मान अजून वाकडीच आहे. पण त्याचं कौतुक राहू द्या. मी हादरलोय हो! जे झालं त्यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

जन्म सगळ्यांचा होतो तसाच, एका शेंगेत. शेंग वाळली, सोलली गेली आणि मी बियाण्याच्या दुकानातल्या एका कापडी पिशवीत येऊन पडलो. नशिबाने वरच्या थरात पडलो. दुकान वहिनींचं. आधी त्यांचे यजमान बघायचे, ते गेल्यापासून त्या एकट्याच सांभाळत होत्या. या हिवाळ्यात त्यांचे धाकटे दीर मदतीला आले. वहिनी त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भाऊजींनी उभा जन्म कापडाच्या दुकानात काढला होता. ते दुकान बंद पडलं. माणूस मनाने साफ आणि कामाला वाघ, पण बियाण्याशी कधी संबंध आलेला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला अंगठा आणि बोटात धरून असं काही चोळलं, की मला वाटलं आता हे कापडासारखा माझाही पन्हा, म्हणजे रुंदी, विचारणार.

आमची पिशवी मागच्या खोलीत थेट फरशीवर ठेवलेली होती. त्या फरशीला थंडीत ओल यायची. आम्ही वरचे कोरडे ठणठणीत होतो. खालच्या थरातून सुरुवातीला कुरकुर ऐकू यायची, मग तीही थांबली. मला वाटलं, झोपले असतील बिचारे.

थंडी ओसरायला लागली तशी गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली. वहिनींचा एक नियम होता. मागच्या वर्षीचं बियाणं उगवतंय की नाही हे बघितल्याशिवाय विकायचं नाही. पिशवीत डोळे मिटून, अगदी कोपरापर्यंत हात घालायचा, येईल ती मूठ ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायची. त्या मुठीतले बहुतेक दाणे उगवले, तर पिशवी विकायला मोकळी. वाटाण्यांची मूठ त्यांनी स्वतः काढली. तेवढ्यात दुकानात कुणीतरी हाक मारली.

"भाऊजी, घेवड्याचे मूठभर तेवढे तुम्ही काढून ठेवा हो."

भाऊजींनी पिशवी उघडली, चष्मा नाकावर सरकवला आणि चक्क निवडायला बसले! हा नको, याला सुरकुती आहे. हा नको, फिका दिसतो. मला उचललं, उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "वा, क्या बात है!" खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. एवढ्या गर्दीत आपल्याला कुणी निवडलं, की कुणाला बरं वाटत नाही?

ओल्या फडक्यात पहिला धक्का बसला. मी फुगायला लागलो. अंग ताठलं, साल टरकन फाटली आणि पोटातून एक पांढरं टोक बाहेर आलं. ते माझंच मूळ आहे हे कळायला मला बराच वेळ लागला. शेजारच्या फडक्यातल्या वाटाण्यांची तीच तऱ्हा. बहुतेक उगवले, काही नुसते पडून राहिले, दोघांना बुरशी आली. आमच्यात मात्र एकजात सगळे उगवले.

वहिनींनी फडकं उलगडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाई गं! एकही फुकट गेला नाही." लगेच मळेवाल्या मावशींना निरोप गेला. प्लास्टिकच्या छपराखाली मावशी सगळ्यांच्या आधी घेवडा काढतात, त्या पहिल्या तोड्यावरच त्यांचं वर्ष चालतं. त्या अख्खी पिशवी घेऊन गेल्या. आम्ही उगवलेले खिडकीतच राहिलो. आम्हाला फेकून द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी वहिनी खिडकी आवरायला आल्या. दोन्ही फडकी शेजारी शेजारी उघडी होती. त्यांनी वाटाण्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पुन्हा वाटाण्यांकडे बघितलं.

"भाऊजी, यात एकही वाया गेलेला कसा नाही हो?"

"कसा जाईल? एकेक निवडून घेतला होता मी," भाऊजी हसत म्हणाले.

"निवडून?"

"मग! नमुना म्हणजे चांगलाच दाखवायचा ना, वहिनी? कसर लागलेला तुकडा गिऱ्हाइकाला कुणी दाखवतं का?"

वहिनींनी आमचं फडकं त्यांच्यासमोर धरलं. "अहो, गिऱ्हाइकाला नव्हतं दाखवायचं. आपल्याला बघायचं होतं! शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीतच आपण निवडून घेतलं तर परीक्षा कसली?"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझं काय झालं म्हणून सांगू? इतके दिवस मी ज्या उगवण्याच्या तोऱ्यात होतो, त्याच उगवण्याने मावशींना फसवलं होतं. मी काही केलं नव्हतं हो. मी फक्त उगवलो होतो!

मावशी फोन उचलेनात. वहिनींनी आम्हाला फडक्यासकट एका ताटात घेतलं, भाऊजींनी वाटाण्याची पिशवी खांद्यावर टाकली आणि दोघं तडक मळ्यावर गेले. मावशी वाफ्याला पाणी देत होत्या. पेरणी केव्हाच उरकली होती.

वहिनींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि तिथेच वाफ्यात बोटं खुपसली. एक दाणा काढला. चांगला होता, टम्म फुगलेला. दुसरा काढला तर नुसता चिखल. तिसरा बोटांत फुटला आणि अशी घाण सुटली की भाऊजींनी तोंड फिरवलं. चौथा तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. ते माझ्याच पिशवीतले होते. खालच्या थरातले. ते झोपले नव्हते.

मावशींनी वाफ्याचं पाणी बंद केलं. म्हणाल्या, "अगं, तुझ्या शब्दावर मी डोळे मिटून पेरलं."

"चुकलं माझं, मावशी," भाऊजी म्हणाले. "वहिनींचा काही दोष नाही."

"दोष घेऊन मी काय करू? तो काय बाजारात विकू?" मावशींनी ताटाकडे बोट केलं. "हे तरी जिवंत आहेत ना? लावा मग. एक ओळ तर भरेल. बाकी वाफ्यांत वाटाणा टाका, त्याला थंडी चालते. पहिला घेवडा यंदा गेला, तो गेलाच."

भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि आम्हाला एकेक करून मातीत लावलं. या खेपेला त्यांनी कुणालाच उजेडात फिरवून बघितलं नाही. मला ठेवलं तिथे आधी पेरलेला एक दाणा होता, कुजून मऊ झालेला. माझं मूळ आता त्याच्यातूनच खाली गेलंय. मला दुसरी वाटच नव्हती.

उद्या-परवा मी मातीतून मान वर काढेन. येणारे-जाणारे म्हणतील, काय छान उगवलाय! तुम्हीही म्हणा, मला राग नाही. पण हात जोडून एक मागणं आहे. माझ्याकडे बघून आमच्या अख्ख्या पिशवीची हमी कुणाला देऊ नका. खालचे होते, कुरकुरत होते, मी ऐकलंय. त्यांना कुणी विचारलंच नाही.