एक नवं दुपटं, एक जुनं

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी लिहून दिलेली यादी अशी होती, की पोरगी बाळंत व्हायला निघालीय का दुकान टाकायला, असा प्रश्न पडावा. अंगाखाली अंथरायचं प्लास्टिक दोन मीटर, हातमोजे, कापसाचा मोठा गठ्ठा, कोरं पातं, नाळ बांधायला दोरा, साबण, टब, दुपटं, टोपडी, झबली. खाली तांबड्या शाईत, दोनदा अधोरेखित: रिकाम्या हातानं येऊ नये.

नासोलोला त्याची धास्ती नव्हती, कारण सोबत आई होती. नवरा किगुंडू ट्रक घेऊन जुबाला जाणारा, महिन्याकाठी एकदा तोंड दाखवणारा. सासू लग्नाआधीच वारलेली. तेव्हा आठवा लागताच पहिलटकरणीनं कंपालाहून आपलं बोचकं उचललं आणि कालिसिझोजवळ आईच्या केळीच्या बागेत येऊन पडली. तिची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती: बाळ झालं की आई बघेल. आई पाला खुडून आणेल, एक्योगेरोचं, म्हणजे तान्ह्याच्या न्हाणाचं औषधी पाणी उकळेल, त्यात बाळाला न्हाऊ घालेल, आपल्या हातात नाचणीची पेज देईल, आणि आपण मस्त झोपा काढू. तिच्या आईचा, तेओपिस्ताचा हात असा, की चार गावच्या बायका आपली तान्ही तिच्याकडूनच न्हाऊन घेत. मग सख्ख्या नातवंडाचं काय विचारता!

आता तेओपिस्ता महिनाभर थोडी विचित्र वागत होती, हे खरं. नासोलोसाठी आणलेली मुंबवा, म्हणजे पोटुशा बायका उगाळून पितात ती औषधी मातीची कांडी, निम्मी कुणी खाल्ली ते कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "चव बघत होते, तुला सोसेल का म्हणून." निम्मी कांडी चव बघण्यात! बाबा तर त्याहून वरताण. सेंतोंगो म्हातारा दिवस दिवस बागेत तण काढत बसायचा आणि लेक दिसली की केळीच्या बुंध्याआड व्हायचा. नासोलोला वाटलं, वय झालं दोघांचं.

नालोंगोच्या दुकानात शिरताच नासोलो रिवाजाप्रमाणे गुडघे टेकायला लागली.

"राहू दे, राहू दे बाई, एवढं पोट घेऊन खाली बसलीस तर उठवायला मला चार माणसं बोलवावी लागतील," नालोंगो म्हणाली. ही स्वतः जुळ्यांची आई, म्हणून सारा बाजार तिला नालोंगोच म्हणे. पाळण्यातलं नाव तिचं तिलाही आठवत नसेल. "काय काय काढू, नासोलोच्या आई?"

तेओपिस्तानं लेकीच्या हातातली यादी घेतली. "प्लास्टिक चार मीटर."

"दोन लिहिलंय, आई," नासोलो म्हणाली.

"लिहिणारीला काय जातंय? तू गप्प बस. कापसाचे गठ्ठे दोन. पाती दोन. दोऱ्याची रिळं दोन. टोपडी..." तेओपिस्ता जरा अडखळली. "टोपडी पण दुप्पट."

नालोंगोचा हात फळीवरच थांबला. तिनं नासोलोचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. "सगळं दोन-दोन, नासोलोच्या आई?"

"सगळं दोन-दोन," तेओपिस्ता जमिनीकडे बघत म्हणाली.

नालोंगोनं हातातली मोजपट्टी टाकली, डोकं मागे नेलं आणि अशी लांबलचक किलकारी मारली, की समोरच्या टोमॅटोवालीची रास कोसळली. "जुळी! अगं बायांनो, या, जुळी!"

नासोलो मटकन साखरेच्या पोत्यावर बसली. "जुळी कुठली? सोनोग्राफीत एकच दिसलंय."

"सोनोग्राफी! माझ्या वेळी डॉक्टर छातीठोकपणे एक म्हणाला होता. थोरला वास्वा झाला, सगळे हात धुवायला गेले, तोवर मागून धाकटा काटो हजर. आईचा डोळा चुकत नाही, पोरी. तुझ्या आईनं ओळखलंय."

दुकानात बघता बघता सात-आठ बायका जमल्या. एकीनं जुळ्यांचं गाणं सुरू केलं. ही गाणी म्हणजे एरवी चारचौघांत तोंडातून काढायची सोय नाही अशा गोष्टी भर बाजारात टाळ्यांवर म्हणायचा परवाना. एक म्हातारी कंबर हलवायला लागली. कुणीतरी ओरडलं, "किगुंडूला फोन लावा, जुळ्यांचा बाप, सालोंगो झालास म्हणावं, ट्रक वळव!" आणि केळीवालीनं खरंच फोन काढला. नासोलोच्या डोळ्यांपुढे ढोल नाचायला लागले. दोन्ही घरची माणसं, ते विधी, ते मान, आणि एकाच वेळी रडणारी दोन तोंडं. एक बाळ कसं धरायचं हेच तिला अजून माहीत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. आई हो म्हणेना, नाही म्हणेना. हसतही नव्हती. बाईला आनंद झाला असता तर ती अशी कोपऱ्यातल्या खिळ्याकडे बघत उभी राहिली असती का?

"आता दुपटी," नालोंगोनं घाम पुसला. "पिवळी काढू का पांढरी?"

"पांढरं एक. नवं," तेओपिस्ता म्हणाली. मग आवाज खाली आला. "आणि एक त्या वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातलं दे. जुन्यातलं."

गाणं मध्येच तुटलं. नालोंगोचा चेहराच उतरला. ती काउंटरच्या बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय म्हणालीस?"

"जुन्यातलं चालेल."

"जुळ्यांत एकाला नवं आणि एकाला जुनं? शुद्धीवर आहेस का तू? माझ्या वास्वाला एकदा केळं बोटभर मोठं गेलं, तर काटो आठवडाभर तापानं फणफणला होता. जुन्यावर निजवलेलं पोर घर पेटवील, घर! तुझ्यासारख्या जाणत्या बाईला हे मी सांगायचं? चार गावची पोरं न्हाऊ घालतेस तू!"

सगळ्या बायकांनी तेओपिस्ताकडे असं पाहिलं, जणू तिनं आत्ताच एखाद्या तान्ह्याच्या तोंडचं दूध काढून घेतलं.

"जुळी नाहीत," तेओपिस्ता म्हणाली.

"मग दोन-दोन कशाला?"

"जुनं माझं आहे."

"तुझं म्हणजे? तू दुपट्यात निजणार?" टोमॅटोवाली हसली. बाकी कुणीच हसलं नाही.

तेओपिस्ता लेकीपुढे आली. तिनं नासोलोचा हात धरला आणि आपल्या गोमेसीच्या रुंद पट्ट्याखाली नेऊन दाबून धरला. गोमेसी हा मोठा दयाळू पोशाख. आत किकोयीचं जाड कापड गुंडाळलेलं, वर एवढा घोळ, खांदे टोकदार, पट्ट्याची भलीमोठी गाठ. त्यात एक बाई काय, अख्खं गुपित सात महिने मावतं. नासोलोच्या तळहाताला काहीतरी घट्ट, गोल लागलं. मग त्या गोलानं आतून दणकन लाथ मारली.

नासोलोनं विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला. "हे काय आहे?"

"लाथ."

"कुणाची?"

"तुझ्या भावाची. नाहीतर बहिणीची."

नासोलोचा आ वासला तो मिटेना. आई? त्रेचाळीस वर्षांची आई? सहा पोरांची आई, जिचं शेंडेफळ पंधरा वर्षांचं, मिसरूड फुटलेलं? आणि बाबा! केळीच्या बुंध्याआड लपणारे बाबा! आता कळलं म्हातारा एवढं कसलं तण काढत होता.

"मला वाटलं, पाळी गेली," तेओपिस्ता पुटपुटली. "वय झालं म्हटलं. पाचव्या महिन्यात आतून ढुसणी बसली तेव्हा कळलं. आता सातवा सरत आलाय."

नालोंगो पहिल्यांदा सावरली. "ए, चला! टोमॅटो उचला आपापले. आणि तू, ठेव तो फोन. अजून कुणीही सालोंगो झालेलं नाही." तिनं बायकांना हुसकलं आणि पडदा ओढून घेतला.

पडदा ओढताच नासोलोला रडू फुटलं, आणि रडण्याआधी राग. "महिनाभर एका घरात राहतोय आपण! माझी मुंबवा खाल्लीस, पण सांगितलं नाहीस? तपासून तरी घेतलंस का?"

"केंद्रात कशी जाऊ? तिथली नर्स तुझ्या वर्गातली. लेकीच्या मैत्रिणीपुढे या वयात पोट उघडं करू?"

"म्हणून माझ्याच यादीवर दोघींचं भागवायला निघालीस! आणि मग माझं कोण बघणार, आई? माझ्या बाळाला कोण न्हाऊ घालणार? मी तुझ्या जिवावर आले ना इथं!"

तेओपिस्ता टेकली, तीही साखरेच्या पोत्यावरच. चार गावची पोरं न्हाऊ घातलेले तिचे हात मांडीवर नुसते पडले होते.

"ते मला कळतं, पोरी. म्हणूनच तोंड उघडेना. तू माहेरी आलीस तीच मुळी माझ्यासाठी. तुझं हे सुख कसं मोडू? पण तू तुझ्या आईकडे तरी आलीस. मी कुणाकडे जाऊ?"

आजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. आईलाही आई लागते, हे नासोलोच्या तेवीस वर्षांत कधी मनातही आलं नव्हतं, आणि या गोष्टीचा धक्का मघाच्या लाथेपेक्षा मोठा होता. आपण झोपा काढायचे बेत करत होतो, आणि ही बाई चुलीपाशी पाठीला हात लावून आपल्यासाठी मटोकेची कच्ची केळी वाफवत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

काउंटरवर दुपटी तशीच पडली होती. नवं पांढरंशुभ्र. जुनं मधोमध विरलेलं, कोपऱ्यावर कुठल्या तरी परक्या पोराचं नाव दोऱ्यानं काढलेलं. नासोलोनं ते उचललं आणि परत ढिगावर फेकलं.

"दोन्ही नवी दे, नालोंगो."

"अगं, माझ्याला चालतं," तेओपिस्ता म्हणाली. "तुम्ही सहाही जण जुन्यावरच वाढलात."

"नालोंगो काय म्हणाली ऐकलंस ना? भेद केला तर घर पेटतं. आणि गुरुवारी माझ्याबरोबर केंद्रात यायचं. नर्सबाई हसली तर तिला मी बघून घेईन." तिनं नाक पुसलं. "माझं आधी होणार. माझं तू न्हाऊ घाल, आणि घालताना मला शिकव. पाला कुठला, पाणी किती ऊन, मान कशी धरायची, सगळं. महिन्यानं तुझं मी घालीन."

"तुला येईल?"

"नाही आलं तर तू पडल्या पडल्या ओरड माझ्यावर. ते तरी जमेल ना?"

तेओपिस्तानं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

नालोंगोनं दोन्ही दुपटी सारखी घडी घालून, कडेला कडा जुळवून पिशवीत ठेवली. मग वर टांगलेले टब काठीनं खाली घेतले, एक निळा, एक हिरवा. "मग हेही दोन?"

नासोलोनं तळहाताकडे पाहिलं. ती लाथ अजून तिथंच होती.

"नको," ती म्हणाली. "टब एकच दे. पण मोठ्यातला मोठा. मामा-भाचे दोघं मावतील असा."