मामांची मान

मामांनी लढाईत शत्रूची अकरा विमानं पाडली होती, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामीला मात्र अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. रस्त्यात मामा तिच्या पुढे चालत आणि घडीघडी मान वळवून मागे बघत. मामी गुडघ्यांमुळे हळू चालायची. "लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी मी जरा मागे राहिले की यांचा जीव वर-खाली होतो," असं ती शेजारणींना ऐकवायची. शेजारणी नाकं मुरडायच्या. मलाही मामीचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग मामांची मान धरली. हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मी दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"मणके पार झिजलेत. सारखी मान वळवायची सवय आहे का?"

"माझ्याकडे बघत असतात," मामी म्हणाली आणि चक्क लाजली.

मामांना गुळमुळीत बोलणं कधी जमलंच नाही. "छे, छे. ती लढाईतली सवय. विमानात मागे बघायचं राहिलं की माणूस संपला. मी अकराच्या अकरा मागून पाडली. त्यातल्या एकानंही वळून पाहिलं नव्हतं."

डॉक्टरांनी ही सवय आता सोडा म्हणून सांगितलं आणि मामांच्या गळ्यात जाड पट्टा अडकवला. मामीचं तोंड एवढंसं झालं. मला मामांचा भयंकर राग आला. एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाहेर आल्यावर मामी गाडीत बसेना. "मी चालत जाईन," म्हणाली आणि गुडघे विसरून तरातरा निघालीसुद्धा. मी आणि मामा तिच्या मागे. आज पहिल्यांदाच ती पुढे होती. पट्ट्यामुळे मामांना फक्त समोरचं दिसत होतं, आणि समोर मामीची पाठ होती. सायकली, हातगाड्या चुकवत ती चालली होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

मामा मध्येच थांबले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर आली.

"अगं," त्यांनी हाक मारली. "मागे बघ."

मामी चालतच राहिली.

"मागे बघ गं. अशी नको जाऊस. ते सगळे मला असेच दिसायचे. पाठमोरे."

येणारी-जाणारी माणसं थबकून बघू लागली. मामी थांबली. मग वळली. मामा भर रस्त्यात रडत होते, आणि त्या पट्ट्यामुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती.