धुऱ्याकडचं तास

कापूस वेचण्यात कौसल्येचा हात धरणारी बाई पांढरकवड्याच्या त्या अंगाला बारा वर्षांत झाली नव्हती. संध्याकाळी काट्यावर तिचंच गाठोडं सगळ्यांत जड भरायचं. यंदा मात्र शेजारची साधना, नुकती लग्न होऊन आलेली पोर, तीनदा तिच्या पुढे गेली. पन्नाशीच्या बाईचा पहिला नंबर गेला, की तिला म्हातारी म्हणायला कोणी मागेपुढे पाहत नाही.

जंगलालगतच्या बांधाला, धुऱ्याकडची तासं पांढरीशुभ्र फुटली होती. कपाशीच्या त्या ओळींत वाघाने गोऱ्हा मारल्यापासून बायांचा नियम होता: तिकडे एकटीने जायचं नाही, आणि हाक आली की ओ द्यायची. त्या दुपारी सगळ्या भाकरीला बसल्या आणि ही शहाणी गुपचूप तिकडे सरकली.

कमरेची ओटी भराभर भरत होती. "कौसल्याकाकू वो!" साधनेची हाक आली. ओ दिली तर ती येऊन निम्मी तासं धरणार. कौसल्या तोंड मिटून वेचत राहिली. हाक पुन्हा आली, पुन्हा आली, मग थांबली.

तेवढ्यात सागावरची वानरं वाघाची चाहूल लागल्यासारखी खाकरू लागली. कपाशीत काहीतरी सळसळलं. "साधना!" ती कशीबशी ओरडली. ओ नाही. पुढचं मनात आणायची तिची छाती होईना. ओटी तिथेच टाकून ती साधनेला शोधत पळत सुटली.

धुऱ्यापलीकडे झुडपांत साधना पाठमोरी उभी होती. हातात विळा, घसा पार बसलेला, तरी जंगलाकडे तोंड करून "काकू, काकू" करत होती. कौसल्येने तिला दंडाला धरून बायांपर्यंत ओढत आणलं.

"ओ काहून नाई देली? मले वाटलं, नेलं तुमाले," साधनेने विचारलं.

"आयकूच नाई आलं," कौसल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साधनेने आपलं चांगलं तास सोडून तिच्या शेजारचं धरलं. "तुमचे कान गेले वाटते, काकू. आता मी जवळच राह्यतो."

काट्यावर पुन्हा कौसल्या पहिली आली. पण ऐकू येत नाही असं सांगून बसली होती, तेव्हा पहिल्या हाकेला गप्प राहणं भाग होतं. ती गप्प राही, आणि शेजारच्या तासातली पोर भीतीने पांढरी पडून धावत येई.